ओ कुणी द्यायची

बाळ होतं तोवर ते होतं,
कुणाची हरकत नव्हती.

मग त्रिचूरहून उद्धवचा फोन,
'नाव ठरलंय. आरू.
आत्या तू, कानात तुलाच सांगायचंय.'
मी कांड्या भरत होते. मागांच्या खडखडाटात
मला ऐकू आलं, 'आवरू.'
म्हटलं, आवरते की, पण नाव तर सांग.

आई म्हणाली, हे कसलं नाव,
आरोळी मारायला घेतली आणि ठसका लागला.
आर म्हणजे पराणीच्या टोकाचा खिळा,
तो बैलाला टोचतात, लेकराला नाही.
तात्यांचा घोर वेगळा:
पेढ्याच्या पुड्यावर छापू काय, चि. का कु.?
नगरपालिकेतला सावंत चष्म्यावरून बघत म्हणाला,
ताई, नावावरनं कळलं पाहिजे.
उद्या मतदारयादीत घोळ झाला
तर लोक मला धरतील.

आमचं घर गलाईचं.
चुलते, भाऊ, मेव्हणे,
परमुलखातल्या सोनारांच्या दुकानातला केर
धुऊन, जाळून, आटवून
त्यातलं चिमूटभर सोनं काढत पांगलेले.
विट्यात बंगले मोठे
आणि कुलपं त्याहून मोठी.
म्हणून एका नावाला चार मुलखांतनं मतं आली.

जोरहाटहून हिंदुरावकाका:
'अगं, इकडं आरू म्हणजे *आणि*.
वाक्य अर्धं सोडून
कुणी लेकराला हाक मारतं का?'

मदुराईहून दिगू: 'आरू म्हणजे सहा.
नदीला पण आरूच म्हणतात.'
सहाला आईनं नाक मुरडलं.
नदी म्हटल्यावर तात्या पेपर बाजूला ठेवून म्हणाले,
'येरळेत नुसती वाळू.
असू दे की एक घरात.'

लुधियान्याच्या काकूंनी फक्त फोटो पाठवला,
कसल्याशा फळाचा, गुबगुबीत, वर बारीक लव.
खाली लिहिलेलं, इकडं याला असंच काहीतरी म्हणतात.
तो फोटो आईनं दोनदा मोठा करून बघितला.
बोलली नाही काही.

शीजाला कुणी विचारलंच नव्हतं.
तिचं मराठी भट्टीशेजारी शिकलेलं:
आण, ठेव, वजन कर, थांब गरम आहे.
शेवटी मीच म्हटलं, तुमच्यात काय अर्थ होतो गं?
'कोण,' ती म्हणाली.
'आरूचा अर्थ.'
'हां. कोण.'
'कोण म्हणजे?' आई.
'म्हणजे कोण.'
'अगं पण कोण?'
शीजा हसायला लागली, टाके दुखेपर्यंत,
आणि आईला वाटलं सुनेनं थट्टा केली.
दोन दिवस अबोला.

खरं सांगायचं तर माझ्याकडंही एक नाव होतं,
रेशनकार्डाच्या पुठ्ठ्याच्या आत
पेन्सिलीनं लिहिलेलं, चोवीस वर्षांपूर्वी.
ते लागलं नाही कुणाला.
बारशाला पाळण्यावर वाकले,
कुर्र म्हटलं,
पाठीत बायकांचे धपाटे बसले धबाधब,
आणि त्या दणक्यात तोंडातनं नक्की काय गेलं
ते मला माहीत आणि त्या कानाला.

आता दहा महिने झाले.
सावंतानं रकाना भरला, शाई फुटली तिथं.
उद्धव भट्टीवर परत गेला, शीजा राहिली.
आई आता हाक मारते ती 'आरं' पासनंच सुरू करते,
जशी ती जन्मभर सगळ्यांनाच मारत आली,
बापईमाणूस असो, बाईमाणूस असो, म्हैस असो,
फक्त शेवटाला जरा ऊ लावते.

काल रात्रपाळी करून आले.
एका हातात दूध, एका हातात डबा,
कोपरानं दार वाजवलं.
आतून शीजा झोपेतच, तिच्या भाषेत,
'आरु?'

मी 'मीच गं' म्हणणार,
तेवढ्यात आत, जमिनीलगत,
कुणीतरी ओ दिली.